येणार कसे?

मनमोहन कर्णिकांना यंदाची दिवाळी इंदूरला, लेकीकडे करायची होती. मागणं एवढंसंच. चैत्रात पत्नी सुमतीबाई गेल्या, आणि गिरगावातल्या दोन खोल्यांत एकट्यानं फराळाचं ताट पुढ्यात घेऊन बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी उर्वीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, पण येणार कसे?"

प्रश्न रास्त होता. कर्णिक कामाला लागले. मुंबई सेंट्रल घरापासून हाकेवर. संध्याकाळी रेल्वेत बसलं की सकाळी इंदूर. उर्वी म्हणाली, "वरचा बर्थ आला म्हणजे? रात्रीतून तीनदा उठता तुम्ही." त्यांनी ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ शोधून काढला. तर म्हणे, रेल्वेच्या बाथरूममध्ये घसरलात तर? आता यावर माणसानं काय बोलावं.

मग विमान. दिवाळीतलं तिकीट बघून कुणाचेही डोळे पांढरे व्हावेत, पण पेन्शन साठवून तरी करायचं काय होतं? शिवाय मेट्रो आता गिरगावातून थेट विमानतळावर नेते. "तिथे आत चालणं किती असतं, बाबा," उर्वी म्हणाली. कर्णिक व्हीलचेअर मागायला तयार झाले. जिना उतरताना कुणाला हात न लावू देणारा हा माणूस. "व्हीलचेअर? मग तर मला घोरच लागेल," ती म्हणाली.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं शेजारच्या मीराबाईंना सांगताना कर्णिक हसलेसुद्धा. मीराबाईंना काही हसू आलं नाही. त्यांचा हर्षवर्धन सुट्टीत बायकोला घेऊन स्वतःच्या गाडीनं उज्जैनला निघाला होता. "इंदूर वाटेतच आहे. पुढच्या सीटवर बसा, दारात सोडेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. कुणाचे उपकार घ्यायचे म्हटलं की अंगावर काटा येणारे कर्णिक चटकन हो म्हणाले.

त्यांनी लगेच फोन लावला. "बर्थ नको, तिकीट नको, चालणं नको. हर्षवर्धन तुझ्या दारात सोडतोय."

उर्वी म्हणाली, "कसाऱ्याचा घाट आहे, बाबा. आणि परत कसे जाणार?"

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. येणार कसे, जाणार कसे. 'कधी येताय' असं पोरीनं एकदाही विचारलं नव्हतं. कारण काय असायचं ते असो. घरात सासूसासरे आहेत, जावयांचा स्वभाव आहे, नाहीतर आईशिवाय नुसता बाप तिला बघवत नसेल. विचारायची हिंमत कर्णिकांना झाली नाही. त्यांना लहान पोरासारखं रडू येत होतं.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "माझाच गुडघा पुन्हा धरलाय. इतका वेळ गाडीत बसणं काही झेपायचं नाही. पुढच्या वर्षी बघू."

"हो ना, बाबा. तब्येत आधी," उर्वी पटकन म्हणाली. आणि मग जी बोलत सुटली! चकल्या मऊ पडल्या, पोराला शाळेत बक्षीस मिळालं, सासूबाईंनी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधला. स्वतः हसली, त्यांनाही हसवलं. कर्णिकांनी फोन ठेवायची घाई केली नाही. आई गेल्यापासून इतक्या मोकळ्या आवाजात ती बापाशी बोललीच नव्हती.