झाडून काढलेला रस्ता

त्या हिवाळ्यात सदफच्या अंगात काय संचारलं होतं कुणास ठाऊक, पण पोरीचे पाय जमिनीला लागत नव्हते. शहागंजातल्या घराचा जिना ती पायऱ्या गाळत उतरायची, डबा विसरायची, डबा आणायला धावत वर जायची आणि हेल्मेट वरच ठेवून यायची. खाली दोर आणि ताडपत्रीच्या दुकानात बसलेले तिचे अब्बू, मजीदभाई, मान हलवून म्हणायचे, "बेटा, तेरा काम सडक बनाने का है ना? फिर तू कायकू उड री?"

"आपके शहर में चलनेकू जगाच नै, अब्बू!" असं म्हणून ती स्कूटी बाजाराच्या गर्दीत घुसवायची.

आता कुणी म्हणेल, रस्त्याच्या नकाशात एवढं हुरळून जाण्यासारखं काय असतं? असं म्हणणारा माणूस संध्याकाळी जालना रोडनं येऊन क्रांती चौकात कधी अडकलेला नसणार, हे पैजेवर सांगता येईल. कारखान्यातून सुटलेला ट्रक, शाळेची बस, फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी, सगळे एकाच सिग्नलकडं तोंड करून उभे. आणि ज्याला कुठंच जायचं नसतं, तोच सगळ्यात जास्त हॉर्न वाजवतो. सदफची शाळा, कॉलेज, क्लास सगळं त्या गर्दीतूनच झालं होतं. आणि आता तिच्या कचेरीकडं नेमकं त्याच दुखण्यावरचं काम आलं होतं. करमाडजवळून एक नवा मोठा रस्ता निघणार, शहराला बाहेरून वळसा घालणार, शेंद्र्याच्या कारखान्यांचे ट्रक परस्पर निघून जाणार! त्या रस्त्यावर चढायला-उतरायला कुठं कुठं जोडरस्ते द्यायचे, ते शोधायचं काम सदफच्या वाट्याला आलं होतं. जेवतानासुद्धा ती रोटीच्या तुकड्यानं ताटातल्या दालच्यात रस्ते आखत बसायची.

तिच्या मनात सगळ्यात जास्त भरलेलं गाव म्हणजे कासारखेडा. नवा रस्ता त्याच्या शिवारातूनच जाणार होता. पण हे मोठे रस्ते म्हणजे काही गावचा चव्हाटा नव्हे, की कुठूनही चढावं आणि कुठंही उतरावं. दोन्ही बाजूंना कुंपण. जोडरस्ता असेल तिथंच आत शिरायचं. जोडरस्ता मिळाला तर कासारखेड्याची भाजी ताजी असतानाच शहरात पोचणार, कारखान्यात जाणारी माणसं लवकर घरी येणार, अडलेली बाई वेळेत दवाखान्यात जाणार. आणि नाही मिळाला, तर रस्ता दारावरून जाणार आणि गावानं कुंपणाआडून लोकांच्या गाड्या बघत बसायचं.

नकाशा दाखवायला सदफ गावात गेली, तेव्हा सरपंच दगडाबाईंनी तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. दगडाबाई म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, पदर कमरेला खोचलेली, एका जागी बसणं ठाऊक नसलेली बाई. सदफला त्या पहिल्याच भेटीत "माझी बाई" म्हणू लागल्या होत्या.

"आन् आमाला यावर चढाया कुठून मिळंल?" त्यांनी विचारलं.

सदफनं नकाशावर बोट टेकवलं. "इथून मावशी! इथंच उतरणार तुमचा जोडरस्ता. माझा शब्द!"

शब्द द्यायची तिला कुणी परवानगी दिली होती? कुणी नाही. पण आनंदात असलेल्या माणसाच्या तोंडाला कुठं कुलूप असतं! ओट्याभोवती जमलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या, आणि दगडाबाईंनी तिथल्या तिथं सदफच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

जोडरस्ता कुठं द्यायचा हे शब्दावर ठरत नाही, गाड्यांवर ठरतं. त्यासाठी प्रत्येक गावाच्या रस्त्यावर दिवसभर कॅमेरा लावायचा आणि त्यात दिसतील तेवढ्या गाड्या मोजायच्या, अशी कचेरीची रीत होती. कासारखेड्याला आदल्या दिवशी फोन गेला, की उद्या तुमचा रस्ता कॅमेऱ्यात घेणार आहोत. बस, एवढंच सांगितलं. कशासाठी घेणार, ते सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

पुढच्या आठवड्यात सदफचे साहेब, राजेंद्र सर, यांनी तिला टेबलापाशी बोलावलं. राजेंद्र सर माणूस सरळ, पण कोरडा. कौतुक करायचं झालं तरी पावती फाडल्यासारखं करायचे.

"सदफ, या कासारखेड्यात माणसं राहतात ना?"

"म्हणजे काय सर! लई... खूप राहतात."

"मग ती जातात कुठून? दिवसभरात रस्त्यावर जवळजवळ काहीच नाही. जोडरस्ता काढून टाक."

सदफच्या तोंडचं पाणी पळालं. ती तशीच आपल्या जागेवर गेली आणि कॅमेऱ्याचं चित्रीकरण लावून बसली. रस्ता होता. पण काय रस्ता! खराट्यानं झाडून लख्ख केलेला, वर पाणी शिंपडलेलं, वेशीपाशी ही एवढी मोठी रांगोळी, दोन्ही कडांना आंब्याचे डहाळे. आणि त्यावर ना ट्रॅक्टर, ना मोटरसायकल, ना म्हैस. दुपारी एक कुत्रं रमतगमत रस्त्याच्या मधोमध येऊन बसलं, तर लिंबाच्या झाडामागून एक हात आला आणि त्यानं कुत्र्याला ओढून नेलं.

सदफला असं हसू फुटलं की शेजारचे उठून बघायला आले. मग हसता हसता तिच्या लक्षात आलं, की या झाडलेल्या रस्त्यामुळंच गावाचा जोडरस्ता हातचा गेला. तिनं कपाळावर हात मारला आणि स्कूटीची किल्ली उचलली.

दगडाबाई तिची वाटच बघत असल्यासारख्या पुढं आल्या. "आली का माझी बाई! दिसला का रस्ता? कसा झाला व्हता?"

"मावशी, त्या दिवशी गाड्या कुठं होत्या सगळ्या?"

"गाड्या?" दगडाबाईंचा चेहरा अभिमानानं फुलला. "आगं, समद्या गावाला दम दिला व्हता म्या! ट्रॅक्टर खळ्यात, म्हशी गोठ्यात, फटफट्या घरात. दुधाच्या किटल्यासुदिक बांधाबांधानं डोक्यावर नेल्या करमाडला. शिफ्टवाल्या पोरांना म्हणलं, बस आज करमाडलाच थांबंल, तुमी शेतातून जावा. साहेबलोकांच्या कॅमेऱ्यात आपला रस्ता कसा आरशावाणी दिसाया पायजे का नाय?"

सांगावं की न सांगावं, असं सदफला क्षणभर झालं. पण सांगितल्यावाचून सुटका नव्हती. ती बोलत गेली आणि दगडाबाईंचं हसू हळूहळू मावळत गेलं. शेवटी त्या ओट्यावर मटकन बसल्या.

"म्हंजी म्याच? माझ्याच हातानं म्या गावाचा रस्ता झाडून टाकला व्हय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सदफनं त्यांचा हात धरला.

दगडाबाईंचा दीर बद्रीनाथ तिथंच उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, हातपाय गाळू नका. परत कॅमेरा लावाया सांगा. म्या ट्रॅक्टर काढतो आन् दिसभर गोल गोल फिरवतो. कॅमेऱ्याला काय कळतंय, एक हाय का पन्नास?"

"नंबर दिसतो, भाऊ," सदफ घाईघाईनं म्हणाली. "खोटं सापडलं ना, तर गाव कायमचं बाद होईल. आणि माझी नोकरी जाईल ती वेगळीच."

"काय नाय फिरवायचं, भावजी," दगडाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "या पोरीला तोंड दाखवायाची सोय ठेवा. सांग बाई, आता काय करू आमी?"

"काहीच करू नका मावशी. मी सरांना हातापाया पडून बघते. कुणी आलं, कधीही आलं, तरी गाव रोज जसं असतं तसंच राहू द्या. तेच तुम्हाला जड जाणार आहे."

"मारुतीची आण," दगडाबाई म्हणाल्या. "खराट्याला हात लावणार नाय."

राजेंद्र सरांनी सगळं ऐकून घेतलं. रांगोळीपाशी त्यांच्या मिशीचं एक टोक हललं, पण तेवढंच. "आराखडा सोमवारी पुढं जाणार. पुन्हा कॅमेरा लावायला वेळ कुठाय? उद्या मला जालन्याला जायचंय, वाटेत ते गाव दाखव. तिथं जे दिसेल ते खरं. पण गावाला कळवायचं नाही. कळवलंस, तर विषय संपला."

सदफनं रात्रभर फोनला हात लावला नाही. दोनदा हात शिवशिवला, तर फोन अब्बूंच्या उशीखाली ठेवून आली.

सकाळी सरांची गाडी करमाडहून आत वळली. सदफ मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसली होती. पहिला टप्पा गेला, रस्ता मोकळा. पुढचं वळण गेलं, तरी मोकळाच. सर घड्याळाकडं बघू लागले. सदफ दोन सीटांमधून पुढं वाकली. आज पुन्हा झाडला की काय या बाईनं?

आणि ओढ्यावरच्या अरुंद पुलापाशी गाडी गच्चकन थांबली.

समोर काय नव्हतं! कांद्याचा टेम्पो पुलाच्या तोंडाशी आडवा झालेला. पलीकडून बद्रीनाथचा ट्रॅक्टर मक्याची पोती घेऊन आलेला. त्याच्या मागं शिफ्टला निघालेली कारखान्याची बस, बसच्या मागं पोरांनी ठासून भरलेली शाळेची रिक्षा, दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेल्या फटफट्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध म्हशींचा एक कळप निवांत रवंथ करत उभा. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, तर सगळ्यांनी मिळून त्याला उत्तर दिलं. आयुष्यभर ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडलेली सदफ तो जाम बघून अशी हरखली, की तिला उठून नाचावंसं वाटलं.

"बघा सर! बघा!"

सरांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "कळवलंस तू."

"नाही सर! कसम से नाही!"

"एवढ्याशा गावात एवढी जत्रा? आणि बरोबर मी येतो त्याच वेळेला?"

सदफचं हसू जागीच विरलं. आता हे खरं आहे हे पटवायचं तरी कसं? रिकामा रस्ता खरा नव्हता तेव्हा तो खरा धरला, आणि आज भरलेला रस्ता समोर आहे तर तो खोटा!

तेवढ्यात पुलापलीकडून एक खणखणीत आवाज आला. "ए, सरका! सरका म्हणते ना! गाडी खोळंबलीय पाव्हण्याची, दिसत नाय व्हय?"

पदर कमरेला, हातात म्हशी हाकायची काठी, अशा दगडाबाई पुलावरून येत होत्या. सदफ खिडकीला चिकटली. तिनं काचेतून हात हलवले, नको नको म्हणून खुणा केल्या. पण दगडाबाईंचं लक्ष होतं कुठं! त्यांनी टेम्पो मागं घ्यायला लावला, फटफट्या शेतात उतरवल्या, म्हशी ओढ्यात घातल्या. बघता बघता गावाचा सगळा पुरावा रस्त्यावरून नाहीसा होऊ लागला.

"वहिनी!" ट्रॅक्टरवरून बद्रीनाथ ओरडला. "तुमीच तर आण घेतली ना, रस्ता झाडायचा नाय म्हणून?"

"झाडायचा नाय म्हणलं व्हतं! पाव्हणा शिवंवर ताटकळत ठिवायचा, असं कधी म्हणलं? घे तो ट्रॅक्टर माघारी!"

राजेंद्र सर गाडीतून उतरले, मागोमाग सदफही उतरली. मागं सरणारा टेम्पो आणि ओढ्यात उतरणाऱ्या म्हशी त्यांनी पाहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सदफला आधी वाटलं ठसका लागला. पण नाही, सर हसत होते. कचेरीत कुणी कधी न ऐकलेलं, मोकळंढाकळं, डोळ्यांतून पाणी काढणारं हसू.

"सदफ," ते चष्मा पुसत म्हणाले, "ही गर्दी कुणी जमवलेली असती, तर ती अशी काठीनं हाकलली नसती." मग हात वर करून त्यांनी हाक मारली, "बाई! थांबा! राहू द्या सगळं तसंच. मला बघायचंय."

दगडाबाई थांबल्या. तेव्हा कुठं त्यांना सरांच्या मागं उभी असलेली सदफ दिसली, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं बया! ह्येच का ते साहेब?" त्या गर्रकन मागं वळल्या. "आरं, आणा रं समदं माघारी! म्हशी काढा वर! बद्री, घाल ट्रॅक्टर पुलावर!"

आणि खरंच सगळं माघारी आलं. टेम्पो आला, ट्रॅक्टर आला, म्हशी ओल्या अंगानं पुन्हा मधोमध उभ्या राहिल्या, आणि मागून करमाडची आणखी एक बस येऊन सरांच्या गाडीला चिकटली. आता ना पुढं जाता येईना ना मागं. सरांनी जालन्याला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि खिशातलं पेन काढलं. सदफनं जिथं बोट टेकवलं होतं, तिथंच त्यांनी मोठ्या रस्त्यावरून कासारखेड्याकडं एक ठसठशीत रेघ उतरवली.

"सोमवारी हे असंच पुढं जाईल. खात्रीला म्हणून नंतर पुन्हा कॅमेरा लाव," ते म्हणाले. "पण कृपा करून आधी फोन करू नकोस."

दगडाबाईंनी सदफला अशी मिठी मारली की तिची ओढणी आणि त्यांचा पदर एकमेकांत गुंतले. दोघी एकदमच रडत आणि हसत होत्या, आणि भोवती हॉर्नचा नुसता गलबला उठला होता. सदफनं कसाबसा फोन काढून अब्बूंना लावला.

"बेटा, ये क्या आवाज है?" मजीदभाई काळजीनं ओरडले. "क्रांती चौक में फँस गई क्या?"

"नै अब्बू!" सदफ हॉर्नपेक्षा मोठ्यानं ओरडली. "कासारखेडा में!"