अक्षता परत गेल्या

त्र्यंबक डोळे मिटून बसला की डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत कुणी खोकायचंसुद्धा नाही, असा दंडक होता. कचेरीतला साहेब त्याचं डोकं खायचा आणि तो घरी येऊन घरच्यांचं. शेवटी वैद्यांनी सांगितलं, “औषध नको तुम्हांला. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन स्वस्थ बसा. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो नुसता बघा. आवाज आले तर येऊ द्यात.”

त्र्यंबकने यातलं शेवटचं वाक्य सोडून सगळं पाळलं. आवाज येऊ नयेत ही जबाबदारी त्याने बायकोवर, वासंतीवर टाकली. एकदा तिच्या हातून पातेल्यावरचं झाकण निसटलं, तर महाशय ध्यानातून उठून असे काही कडाडले की शेजारच्या सखुबाई धावत आल्या. तेव्हापासून वासंती तेवढा वेळ फोडणीही देत नसे. पण खोटं कशाला बोला, त्याला गुण येत होता. हातांची थरथर थांबली होती, झोप लागू लागली होती.

त्या दिवशी तो नुकताच बसला होता. दारात वहाणा काढल्याचा आवाज आला, मागोमाग घसा खाकरल्याचा. त्र्यंबकने तो तत्क्षणी ओळखला. कल्याणहून त्याचे थोरले बंधू, भाऊ, आले होते. वर्षापूर्वी वडिलांच्या श्राद्धाला पानं वाढायला उशीर झाला म्हणून त्र्यंबकने थयथयाट केला आणि भाऊंनी सगळ्या नातेवाइकांसमोर त्याला गप्प बसवलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

“ध्यानाला बसलेत,” वासंती कुजबुजली. “उठवू का, भाऊजी?”

“छे, छे! ध्यान मोडू नये, पाप लागतं. मी थांबतो.”

उठावं, असं त्र्यंबकला वाटलं. लगेच दुसरंही वाटलं. बसू दे की. चारचौघांत माझं तोंड बंद केलं होतं ना? ताटकळू दे थोडं. आवाज येतात, जातात. आपण श्वास बघायचा. वैद्यांचं ते सोडलेलं वाक्य आज त्याला बरं आठवलं! तो श्वास बघत बसला, रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

दिवेलागण झाली. स्टोव्ह भरभरतो म्हणून वासंतीला चहाही टाकता येईना. अखेर भाऊ उठले.

“हेमाचं लग्न ठरलंय, वासंती. अक्षता त्याच्या हातावर ठेवून बोलवायला आलो होतो. घरच्या माणसाला निरोपावर कसं बोलवायचं? निघतो. लग्नघर आहे, पुन्हा येणं व्हायचं नाही.”

त्र्यंबकने डोळे उघडले तेव्हा वासंती कोपऱ्यात बसून रडत होती. “थोरले दीर माझ्या घरून चहाशिवाय गेले हो,” ती म्हणाली. “अक्षता परत घेऊन गेले.”

ज्या पुतणीला खांद्यावर घेऊन त्र्यंबक गावभर हिंडला होता, तिच्या लग्नाचं बोलावणं त्याने दारातून परत पाठवलं होतं. तेही शांततेच्या नावाखाली. त्याला स्वतःची किळस आली.

सकाळी कचेरी बुडवून त्याने कल्याण गाठलं. भाऊ अंगणात मांडवाचे वासे मोजून घेत होते. त्र्यंबक पाया पडला.

“भाऊ, काल मी ध्यानात…”

“हो रे, बघितलं ना. मलाही शिकव. लग्नघरात जीव नुसता टांगणीला लागलाय. बस इथे, दाखव करून.”

पळवाट नव्हती. तो चटईवर बसला, डोळे मिटले. श्वास काही केल्या सरळ चालेना. कान तापले. तेवढ्यात भाऊंनी त्याचा हात धरला, मूठ उलगडली आणि तळव्यावर काहीतरी खरखरीत ठेवलं.

“कालही पापण्या अशाच फडफडत होत्या तुझ्या,” भाऊ हळूच म्हणाले. “म्हटलं, हा जागा आहे, तरी उठत नाही, म्हणजे राग गेलेला नाही. म्हणून निघालो. बायकोदेखत तुझं सोंग कशाला उघडं पाडायचं?”

त्र्यंबकला हुंदका आवरेना.

“आता उघड डोळे. आमंत्रण तोंडाकडे बघून द्यायचं असतं. वासंतीला घेऊन लग्नाला यायचं.”

त्र्यंबकने डोळे उघडले. भाऊंच्या तोंडाकडे मात्र त्याला बघवलं नाही.