साबणाच्या वासाचं दूध

यमन सातव्या महिन्यातच जन्माला आला आणि जॉर्डनमधल्या इर्बिदच्या इस्पितळात काचेच्या पेटीत जाऊन पडला. त्याच्यासाठी त्याच्या आईला, रबाबला, करता येण्यासारखं एकच उरलं होतं. दूध काढायचं, पिशव्यांत भरून गोठवायचं आणि रोज नेऊन द्यायचं. तीन आठवडे तिने ते नेमाने केलं.

एका सकाळी तिच्या सासूने, उम्म नायफने, वितळलेली पिशवी हुंगली.

"अगं, हे दूध आहे की धुण्याचं पाणी? साबणाचा वास मारतोय."

"पिशवी नीट बंद केली होती, खाला."

"पिशवीला कशाला दोष देतेस? दिवसभर मुळूमुळू रडत असतेस. तुझं दुःख उतरलंय त्यात. पोराला हेच पाजणार?"

उम्म नायफ वाईट बाई नव्हती, हीच तर पंचाईत. वाईट असती तर रबाबने तिचं ऐकलंच नसतं. तिने सगळ्या पिशव्या हुंगून पाहिल्या. सगळ्यांना तोच वास. मग तिने स्वतःच्या हाताने एकेक पिशवी मोरीत ओतली. असलं दूध अंगातून आटलेलंच बरं, आणि त्याला मरमियाच्या पाल्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून सासू दिवसातून चार वेळा त्याचा काढा मायेने हातात देत राहिली. दहा दिवसांत छाती कोरडी ठणठणीत झाली. पेटीतल्या पोराला डब्याचं दूध सुरू झालं आणि त्याचं पोट टम्म फुगलं.

रजेवरून परतलेल्या डॉक्टर हनीननी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"नासलं नव्हतं हो ते. आईच्या दुधात चरबी पचवणारं एक एन्झाइम असतं. काहींच्या दुधात ते गोठवल्यावरही काम करत राहतं, म्हणून तो वास. एवढ्याशा जिवाकडे स्वतःचं पुरेसं नसतं. त्याच्या वाटचं थोडं तुमचं दूधच पचवत असणार. कुणी टाकायला सांगितलं?"

सासूचं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

"मीच टाकलं," रबाब म्हणाली.

"बरं, छातीशी धरून बघा. कधी कधी परत येतं."

यमनला तिच्या अंगावर ठेवलं. त्याने तोंडाने चाचपत जागा शोधली आणि ओढायला लागला. थेंबही आला नाही. त्याने आकांत मांडला असता तर तिने तो सोसला असता. पण तो रडला नाही. डोळे मिटून, आता येईलच अशा भरवशाने, ओढत राहिला.