दोन्ही पावलं उजवी

अण्णा गेले त्याला दहा दिवस झाले होते आणि कुसाबाई एका बोक्याची परीक्षा घेत होती.

कॉलनीतला तो तपकिरी बोका मागच्या दारी आला की ती त्याच्यापुढे दुधाची वाटी सरकवायची, आणि दुधावर मुद्दाम साय तरंगत ठेवायची. अण्णांना साय बघवत नसे. चहात एवढासा तुकडा दिसला तरी चमच्याने काढून बशीच्या काठावर ठेवायचे. बोक्याने आधी सायच चाटली, मिशा साफ केल्या आणि मागे वळूनही न बघता भिंतीवरून पलीकडे गेला. कुसाबाईला हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

वैष्णवी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ही तिची एकुलती एक लेक, पुण्याला नोकरी करणारी आणि विचारांनी सगळी बापावर, अण्णांवर गेलेली. तिने आईला एवढंच विचारलं, की हा बोका चार वर्षांचा तरी असेल, अण्णा मागच्या आठवड्यापर्यंत आपल्यात होते, मग हे जमतं कसं? कुसाबाईच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिने वाटी उचलली आणि घासायला टाकली.

मांजराचं तिच्या डोक्यात भरवलं होतं ठकूआक्कांनी. ठकूआक्का म्हणजे अण्णांची, त्यांच्या सहादूची, थोरली बहीण, पंच्याहत्तरीच्या. पहिल्याच दिवशी सिन्नरजवळच्या खेड्यातून आलेल्या, उजव्या मनगटाला प्लास्टर. महिन्यापूर्वी न्हाणीत पाय घसरला होता. डाव्या हाताने जेवावं लागतं म्हणून सगळ्यांचं झाल्यावर भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. आल्या आल्या त्यांनी एकच विचारलं होतं, शेवटाला सहादूच्या तोंडात काय शब्द होता? कुसाबाईने खरं ते सांगितलं. दूध.

झालं होतं असं. अण्णांचं हृदय वर्षभर कुरकुरत होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर कुसाबाईने गंगेच्या पाण्याची बाटली आणि तुळशीची पानं त्यांच्या उशाशी आणून ठेवली. अण्णा ती बाटली बघून म्हणायचे, एवढ्याशा पाण्यात माझी गोळीसुद्धा उतरायची नाही. त्या सकाळी त्यांचा श्वास बदललेला तिला ऐकू आला. तिने बाटलीचं बूच काढलं, कानात रामाचं नाव घ्यायला वाकली, आणि तेवढ्यात ते अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "कुसा, दूध बघ."

चाळीस वर्षांची सवय. ती उठून धावली. दूध खरंच उतू जायच्या बेतात होतं. गॅस बंद करून परत आली तोवर खोलीत ती एकटीच होती.

आता ज्याचा जीव शेवटी ज्याच्यात अडकतो तसा त्याला पुढचा जन्म मिळतो, हे ठकूआक्कांना पक्कं ठाऊक होतं, आणि दुधात जीव अडकलेल्याचं काय होतं हे सांगायला कोणा शास्त्र्याची गरज नव्हती. भजनी मंडळातली एकजण तर भेटायला येऊन आणखी भर घालून गेली. म्हणाली, नाव घेतलं असतं एकदा तरी बरं झालं असतं, बिननावाचा माणूस कुठं जातो देव जाणे.

कुसाबाईला नेमकं तेच हवं होतं. देव जाणतो ना, मग मलाही कळू दे. राम इतका कोत्या मनाचा असेल असं तिला वाटत नव्हतं, पण खात्री कशी करून घ्यायची? कीर्तनात तिने ऐकलं होतं की देवाचा अहोरात्र द्वेष करणारेही तरले, कारण द्वेषाने का होईना, त्यांचं चित्त त्याच्यापाशीच होतं. पण अण्णा द्वेषही करत नव्हते. शेजारच्या घरी कोणी मोठा पाहुणा उतरलाय, आपली काही ओळख नाही, अशा तऱ्हेने ते रामाशी वागत आले. रामनवमीला सुंठवडा मात्र तेच कुटून द्यायचे, कारण कुसाबाईचा खांदा दुखायचा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांची सगळी नोकरी कोळशाच्या राखेवर गेली. म्हणायचे, "तीस वर्षं राख बघितली कुसा, तिच्यातून कोणी उठून आलेलं नाही. माझ्यामागं तुम्हाला जे करायचं ते करा. मला विचारू नका, मी नसेन."

आणि ती मात्र असणार होती, आणि एक दिवस तीही जाणार होती. रामाच्या दारात जाऊन बसले आणि हा माणूस तिथं नसला तर मी तिथं काय करू, हा तिचा खरा प्रश्न होता. तो तिने कोणालाही सांगितला नव्हता.

सकाळी रामकुंडावर दहावा झाला. संध्याकाळी ठकूआक्कांच्या माहेरची, म्हणजे याच घराची, रीत करायची होती. जिथं प्राण गेला तिथं तांदळाचं पीठ चाळून सपाट पसरायचं, कडेला दिवा ठेवायचा आणि वर वेताची टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलली की पिठावर काही उमटलेलं असतं. गेलेला माणूस कुठल्या योनीत गेला ते त्यावरून ओळखायचं. पक्ष्याची नखं, गाईचा खूर, सापाची वळवळ. ओळखायचं काम ठकूआक्कांचं.

वैष्णवी म्हणाली, हवा आत जाते, मुंग्या येतात, काहीतरी उमटणारच. पण तिने पीठ चाळायला मदत केली.

पीठ पसरताना कुसाबाईचे हात सावकाश चालले होते. हेच पीठ याच घरात तिने एकदा पसरलं होतं, सासू गेली तेव्हा, वीस वर्षांपूर्वी. त्या वेळी ठकूआक्कांचं आणि त्यांच्या आईचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. एका पैठणीवरून. म्हातारी तशीच गेली, आणि ठकूआक्का दहा दिवस ना जेवल्या ना रडल्या. अकराव्या सकाळी टोपली उचलली तर पिठावर तान्ह्या बाळाची दोन पावलं. ठकूआक्का तिथंच खाली बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. आई माणसाच्याच जन्माला येणार, माझ्यावरचा राग सोडून येणार. वर्षाच्या आत त्यांच्या सुनेला मुलगी झाली. त्या रोशनीला त्या आजही आई म्हणून हाक मारतात, आणि ती कॉलेजातली पोर आजीला दटावून औषध घ्यायला लावते.

कुसाबाईने मात्र ती पावलं नीट बघितली होती. गौरी आणताना उंबऱ्यापासून जशी पावलं काढतात, मुठीची कड टेकवून वर बोटांनी पाच ठिपके, तशीच होती. बाई उजव्या पावलाला उजवी मूठ वापरते, डाव्याला डावी. इथं दोन्ही पावलं उजवी होती. ज्याने जन्मात कधी गौरी आणल्या नाहीत आणि ज्याला मूठ बदलायची असते हे माहीत नाही, अशा माणसाचं ते काम होतं. घरात असा माणूस एकच होता.

तिने ना त्यांना विचारलं ना आक्कांना सांगितलं. वीस वर्षं एकाच गोष्टीचं तिला कुतूहल होतं, की देव न मानणाऱ्या माणसाने देवाची सही खोटी का केली?

या खेपेला तिने मनाशी ठरवलं होतं. कोणी हात लावायचा नाही. मांजर असेल तर मांजर.

सकाळी उजाडताना ती उठली तेव्हा ठकूआक्का आंघोळ करून टोपलीजवळ बसलेल्या होत्या. त्यांनी मानेनेच उचल म्हणून खुणावलं. कुसाबाईने रामाचं नाव घेतलं आणि टोपली उचलली.

पिठावर तान्ह्या बाळाची दोन पावलं होती.

माणूसच. पुन्हा माणूसच. मग तिची नजर आपोआप पावलांच्या वळणावर गेली, अंगठ्याच्या ठिपक्यावर गेली. तिथून ती आक्कांच्या प्लास्टरवर गेली आणि तिथून डाव्या हातावर. करंगळीच्या कडेला, सुरकुत्यांमध्ये, पांढरं बसलं होतं.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "ही दोन्ही डावी हायेत."

ठकूआक्कांनी हात पदरात घेतला. मग पुन्हा बाहेर काढला.

"असू दे. त्याची दोन्ही उजवी होती. आता जोड झाली."

कुसाबाई खालीच बसली. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"साठ वर्षं गौरी आणते मी, कुसा. दोन उजव्या पायांनी कोण चालतं?"

मग त्या सांगत राहिल्या. पहिल्यांदा त्यांना राग आला होता, चार माणसांत भावाच्या थोबाडीत द्यावी इतका. पण वर बघितलं तर तो त्यांच्याच तोंडाकडे बघत उभा. लहानपणी मडकं फोडल्यावर उभा राहायचा तसा, नखांत पीठ घेऊन. तेव्हा त्यांना वाटलं, ह्याचा देवावर विश्वास नाय, पण देवाचा ह्याच्यावर बसला असंल. म्हणून तर ह्याच्याच हातून करून घेतलं.

"हे ऐकलं असतं तर भांडले असते तुमच्याशी," कुसाबाई म्हणाली.

"येऊ दे की भांडायला."

दिवा अजून तेवत होता. थोड्या वेळाने कुसाबाईने सांगितलं, की मला खरं बघायचं होतं. चांगलं नको होतं, खरं हवं होतं.

"आधी बघितलं मी. मग हात लावला."

"काय होतं?"

"काय नव्हतं. तू चाळलं तसंच होतं. मुंगीसुद्धा गेली नव्हती. मला लय भ्या वाटलं. म्हटलं, कुसाला हे सोसायचं नाय."

कुसाबाईने ते कोरं पीठ डोळ्यांपुढे आणून बघितलं. भीती वाटेल म्हणून वाट बघितली. पण तिला दुसरंच आठवलं. तिने फरशी पुसलेली असली की अण्णा कधी ओल्यावरून गेले नाहीत. चप्पल हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेने, पोट आत ओढून, खेकड्यासारखे आडवे चालत जायचे, पाऊल उमटू नये म्हणून. चाळीस वर्षं. आणि हे पीठ तर तिने स्वतःच्या हाताने सपाट केलेलं.

तिला हसू आलं, आणि मग दुसरंही आलं. ठकूआक्कांनी तिला विचारलं नाही काय झालं म्हणून. डावा हात तिच्या पाठीवर ठेवला, पिठासकट.

तेवढ्यात वैष्णवी तोंडात ब्रश घेऊन आली. काही आलं का, असं तिने भुवयांनीच विचारलं, आणि पिठाकडे बघून थबकली. चूळ भरून आली, उकिडवी बसली. हवेबद्दल, मुंग्यांबद्दल काही बोलली नाही. एका इवल्या अंगठ्याजवळ बोट नेलं, टेकवलं नाही.

"पण आई, ही दोन्ही..." ती म्हणाली आणि थांबली. तिने आत्याच्या प्लास्टरकडे बघितलं. आईच्या पाठीवर उमटलेल्या पांढऱ्या पंजाकडे बघितलं. कुसाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती, कारण तिला फार जाणून घ्यायचं होतं की ही आता काय म्हणते.

"किती छान उठलीत," वैष्णवी म्हणाली.

ठकूआक्कांनी समाधानाने मान हलवली, जसं काही आपण केलंच नाही.

कुसाबाई चहा टाकायला उठली. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि तिथंच, ओट्याला हात टेकून, त्याच्याकडे बघत उभी राहिली. वर येईपर्यंत हलली नाही.