मुकादमाची हाक

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कविता वाचायला बोलवा असं सोसायटीच्या लोकांना मीच सुचवलं. मराठी भाषा दिन, पालेगावातलं आमचं नवं कॉम्प्लेक्स, क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम. मिरवायची हौस, दुसरं काय! साठच्या दशकात अण्णा अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होते आणि मित्रांबरोबर अनियतकालिक काढायचे. भल्याभल्या साहित्यिकांना तोंडावर सुनावणारी पोरं होती ती.

त्यांची गाजलेली कविता एकच. रात्रपाळीत डुलकी लागलेल्या कामगाराला मुकादम लाथ मारून उठवतो आणि आईवरून शिवी देतो. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या सिंधी छापखानेवाल्यानं तेव्हा हातच जोडले, "साईं, ये गाली मैं नहीं छापूंगा." त्यानं तेवढी जागा कोरी सोडली. अण्णांनी एकेका अंकात ती शिवी स्वतःच्या हातानं, शाईनं लिहिली. हा किस्सा ऐकतच मी मोठी झाले.

पण कार्यक्रमाला माझे व्याही-विहीणबाई येणार, पुढे लहान पोरं बसणार. मला मेलीला घाम फुटला. अण्णांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून कविता मोठ्या टाइपात काढून आणली, आणि शिवीच्या जागी गुपचूप 'गड्या' घातलं. वाचायच्या नादात त्यांच्या लक्षात येणार नाही म्हणे! अक्कल बघा माझी.

काल अण्णा उभे राहिले. लाथेपर्यंत खणखणीत वाचलं. मग थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला आणि माझ्याकडे बघितलं. विहीणबाई शेजारीच होत्या. मी हळूच मान हलवली, नको म्हणून. माइकवर अण्णांचा श्वास ऐकू येत होता.

"ऊठ, गड्या," अण्णा हळू आवाजात म्हणाले.

टाळ्या पडल्या. विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड! तेव्हाचे मुकादम बघा, कसे मायेनं हाक मारायचे." धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. अहो, कविता अण्णांना तोंडपाठ आहे. त्यांना कागदाची गरजच नव्हती. माझी लाज राखायला वाचला त्यांनी तो.

घरी आल्यावर मी रडायलाच लागले. "अण्णा, चुकलं माझं. ओरडा ना मला."

सत्काराची शाल त्यांनी नीट घडी करून खुर्चीवर ठेवली.

"अक्षर छान मोठं होतं गं, उमे," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "त्या छापखानेवाल्यानं निदान जागा तरी कोरी सोडली होती."