मशिदीत उतरलेली फुलं

शाबुओथच्या, म्हणजे देवाने तोरा हा धर्मग्रंथ दिला त्या दिवसाच्या सणाला, ज्यूंचं प्रार्थनाघर फुलापानांनी सजवायचं काम इस्राएलातल्या रामल्यातली तीन माणसं हौसेने करत. जेमायमाबाई, त्यांचे यजमान सामाजी, आणि नात मोरान, जी दवाखान्यात नर्स होती आणि या दिवसासाठी रजा टाकायची.

१९९७ साली त्यांचं काम वेळेआधीच उरकत आलं होतं. बाकं पुसली, तोरा ठेवतात त्या कपाटाला धुतलेला पांढरा पडदा लागला. सामाजी शिडीवर चढून काचेच्या हंड्या पुसत होते. सण संध्याकाळी लागायचा होता. दुपारचा एक वाजला तरी फुलांच्या गाडीचा पत्ता नव्हता, म्हणून मोरानने फुलवाल्याला फोन लावला. पलीकडचं ऐकून तिने फोन ठेवला आणि आजीकडे बघत राहिली.

"सावता, तू कुठला पत्ता दिला होतास?" तिने हिब्रूत विचारलं. सावता म्हणजे आजी.

"कुठला म्हणजे? बाजारामागची मशीद, असं सांगितलं," जेमायमाबाई मराठीत म्हणाल्या.

कोकणातून आलेली जुनी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू माणसं प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. जेमायमाबाईंना इस्राएलात येऊन तीस वर्षं झाली होती, तरी जेमतेम येणारं हिब्रू बोलतानाही त्यांच्या तोंडी तोच शब्द यायचा. पण बाजारामागे मुसलमानांची खरीखुरी मशीदही होती, आणि ड्रायव्हरने सगळी फुलं सकाळीच तिथे उतरवली होती.

"तरी मी बोललो होतो, फोन मी करतो," सामाजी शिडीवरून म्हणाले.

"तुमी केला असतात तर फुलं अलिबागला गेली असती."

तिघंही मशिदीकडे निघाली. अंगणात पाऊलभर जागा नव्हती. हातपाय धुवायच्या हौदात ग्लॅडिओलाय, पांढरे गुलाब आणि नेच्याच्या जुड्या उभ्या केल्या होत्या. मशिदीची देखभाल करणारे अबू समीर त्यांच्यावर मायेने पाणी शिंपडत होते. त्यांच्या नातवंडांनी प्रत्येक जुडीला लाल फीत बांधली होती.

एवढी फुलं म्हणजे कुणाचं तरी लग्न, असं अबू समीरना वाटलं होतं. त्यांनी गल्लीत घरोघरी विचारलं, पण कुणीच कबूल होईना. शेवटी लोकांनीच हिशेब लावला. गल्लीत बिनलग्नाचा पुरुष एकच, लोणच्याचे ऑलिव्ह विकणारा आतेफ, वय सेहेचाळीस. तेव्हा लग्न त्याचंच. आतेफने तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा कुणीतरी मिठी मारून पेढ्यासारखं काहीतरी तोंडात कोंबलं, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "मुलगी कोण आहे?"

आता तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून हौदाशी उभा होता. मोरानने हिब्रूत सगळा घोटाळा समजावला.

"म्हणजे लग्न नाही?" आतेफने विचारलं.

"नाही," मोरान म्हणाली.

"मी दुकान बंद करून आलोय."

जेमायमाबाईंना फार वाईट वाटलं. "इतका चांगला माणूस, याला कोण गावली कशी नाय?" त्यांनी मोरानला विचारायला लावलं.

"आईला एकही पसंत पडत नाही," आतेफ म्हणाला.

त्याची आई तिथेच खुर्चीवर बसली होती. तिने अरबीत काहीतरी सुनावलं. अबू समीरनी ते हिब्रूत सांगितलं, मोरानने मोडक्यातोडक्या मराठीत. "ती म्हणते, एक उंच होती, एक फार हसायची."

"तिला सांग, हसणारी सून भाग्याने मिळते. माझी एक हसत नाय, मी भोगतेय."

"सावता, ती माझी आई आहे," मोरान म्हणाली.

"मग नको सांगू. पहिलं तेवढं सांग."

दोन्ही म्हाताऱ्यांचं हे बोलणं तीन भाषांतून तासभर चाललं. सामाजी मनगटावरचं घड्याळ दोघींच्या मधे धरून उभे राहिले, पण दोघींनीही त्यात पाहिलं नाही. शेवटी आतेफनेच आपला टेम्पो आणला आणि ऑलिव्हच्या पिंपांमधल्या फटीत फुलं भरली.

साडेपाचला फुलं प्रार्थनाघरात पोचली. फितींच्या गाठी ओल्या होऊन घट्ट बसल्या होत्या, सुटेनात, म्हणून त्यांच्यासकट जुड्या लावल्या. आतेफही हातभार लावायला थांबला. उंच होता, त्यामुळे शिडी लागली नाही.

प्रार्थना म्हणणारे रूबेनभाऊ दारात आले आणि थबकले. "कोणाचं लग्न आहे?"

"तेवढं विचारू नका," सामाजी म्हणाले.

रूबेनभाऊंनी सगळीकडे नजर फिरवली. "असू दे. आज तोरा मिळाली, म्हणजे लग्नासारखाच दिवस," असं म्हणून ते आपल्या जागी गेले.

त्या संध्याकाळी सगळ्या प्रार्थनाघराला गुलाबांचा आणि लोणच्याचा वास येत होता. पुढच्या बाकांवर दोघांना भूक लागल्याचं त्यांनी नंतर कबूल केलं. बायकांच्या बाजूला उभ्या असलेल्या जेमायमाबाईंनी आतेफसाठी एक हसरी मुलगी मागितली. मग जरा विचार करून त्याच्या आईसाठी थोडी सहनशक्तीही मागितली.