भोंग्याजवळची जागा

गंगाबायने आधी खुर्चीची पाठ चाचपली, मग तिचे हात, मग बसायची फळी. आणि सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री पटल्यावरही ती उभीच राहिली.

"भोंगो खंय आसा?"

"पडद्याच्या मागे. उजव्या बाजूक," शेवंती म्हणाली.

"मग माका डाव्या बाजूक कित्याक हाडलंस? तेच्याजवळ बसव."

"आये, हयसून मान दुखतली."

"तुझी दुखतली. माका खंय वर बघूचा आसा?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. शेवंतीने आईचा हात धरला, चारपाच जणांचे पाय आणि पिशव्या ओलांडल्या आणि तिला उजव्या टोकाला नेऊन बसवलं. म्हापशाच्या बाजाराचा दिवस. दुपारच्या खेळाला आलेली निम्मी माणसं बाजार उरकून आलेली, त्यामुळे थिएटरात सुक्या बांगड्यांचा वास कोंदला होता. वर बाल्कनी मोकळी असताना ह्या दोघी पहिल्या रांगेची तिकिटं का मागतात, हे तिकीटवाल्याला काही केल्या उमगलं नव्हतं. त्याने दोनदा विचारून घेतलं होतं.

बाहेर मोठी पाटी लागली होती. मध्ये पिस्तूल रोखलेला नायक, मागे पेटलेली बोट आणि खालच्या कोपऱ्यात सोनेरी केसांची, काळा चष्मा लावलेली एक बाई. ती बाई म्हणजे शेवंती. पाटीसमोर उभं राहून लोक शेंगा खात होते आणि तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. बघितलं असतं तरी धारगळच्या शाळेत हिंदी शिकवणारी, लांब वेणीची बाई त्यांना त्या चित्रात कुठून सापडणार? तिला स्वतःलाही जरा शोधावंच लागलं होतं.

शेवंती सहा वर्षांची असताना देवी आल्या आणि गंगाबायचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या. त्याआधी ती देवळात पालखीपुढे गायची. डोळे गेल्यावर पालखीबरोबर चालणं संपलं, तसं तिने गाणं घरात आणलं आणि सगळंच्या सगळं लेकीच्या गळ्यात उतरवायला घेतलं. शिकवायची तिची रीत वेगळीच होती. उजव्या हाताची दोन बोटं ती शेवंतीच्या कंठावर ठेवायची. सूर हलला की कानाआधी बोटांना कळतं, असं तिचं म्हणणं. बारा वर्षं ती बोटं तिथे होती. लेकीचा चेहरा तिच्या लेखी अजून सहा वर्षांचाच होता. वाढताना तिने पाहिला तो फक्त आवाज.

म्हणून गेल्या हिवाळ्यात सिनेमावाले हरमल-केरीच्या किनाऱ्यावर उतरले, परदेशी हेर बाईच्या कामासाठी उंच मुलगी शोधत शाळेपर्यंत आले, तेव्हा गंगाबायने आधी साफ नाही म्हटलं होतं. तोंडाला रंग फासून फिरायला कुणीही चालतं, त्याला माझीच मुलगी कशाला? मग जरा वेळाने तिने एकच गोष्ट विचारली होती.

"तेतूर बोलूचा आसा?"

"आसा. बारा वाक्यां आसत."

"तर जा."

ती गेली. मेकअपवाला मधुकर पहाटे तिला समोर बसवायचा तो चांगले दोन तास. पॅनकेकचे थर, गालांना सावल्या, डिंकाने चिकटवलेल्या पापण्या, वर तो भुऱ्या केसांचा टोप. आरशातली बाई इतकी देखणी की शेवंतीला तिच्याशी बोलायलाही संकोच वाटायचा. मधुकर माणूस भला होता. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं, "बाई, तुम्ही फक्त ओठ स्वच्छ हलवा. बाकीचं सगळं मुंबईला करतात." बाकीचं म्हणजे बंदुका आणि मोटारींचे आवाज, असं शेवंती समजली. समजायला कारणही होतं. तिच्या डोक्यावर एक मनुष्य काठीला माइक बांधून उभा राहायचा आणि तिचं बोलणं झालं की अंगठा वर करायचा. फोटो काढला की चेहरा जसा आत जातो तसाच आवाजही गेला, यात तिला कधी शंका आली नाही. हिंदीच्या सगळ्या परीक्षा पास झालेल्या बाईचं बोलणं कुणी कशाला बदलेल?

"आवाज घेतलो माझो," घरी येऊन तिने सांगितलं होतं, आणि गंगाबायने ते वाड्यावर प्रत्येकाला सांगितलं. येत्या रविवारी अख्खा वाडा सिनेमाला येणार होता. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवणारा शेजारचा गुरुदास ट्रक धुऊन घेणार होता. पण त्याआधी आपल्याला ऐकायचंय, पहिल्याच दिवशी, असा गंगाबायचा हट्ट.

दिवे गेले. लोकांचे आवाज थांबल्यावरून गंगाबायला ते कळलं. तिने पदर सावरला आणि देवळात बसावं तशी ताठ बसली.

सुरुवातीला नुसती पळापळ. मग एक डॉक्टरीण नायकाच्या दंडातली गोळी काढताना त्याला चार शब्द ऐकवून गेली.

"ही तू न्हय," गंगाबाय म्हणाली.

"न्हय."

"बरा बोलता पण. जरा नाकात बोलता."

थोड्या वेळाने पडद्यावर एक लांबलचक पांढरी मोटार थांबली. दार उघडलं, उंच टाचांचा पाय खाली आला आणि शेवंती खुर्चीत पुढे सरकली. सोनेरी केसांची बाई जिना चढून आली, तिने सावकाश चष्मा काढला. थिएटरात शिट्ट्या पडल्या. बाईने ओठ उघडले आणि त्यांतून भलताच कुणाचा तरी आवाज आला.

जाड, लाडिक, शब्द ओढत बोलणारा आवाज. शेवंतीला आधी वाटलं, भोंग्यात बिघाड आहे. तिने मागे वळून भिंतीतल्या त्या उजेडाच्या चौकटीकडे पाहिलं, जणू तिथे कुणीतरी चूक दुरुस्त करत असेल. दुसरं वाक्य आलं. तेही तसंच. वाक्यं तिची होती, ओठ तिचे होते, मान वळवली तीही तिनेच. आवाज तेवढा नव्हता.

गंगाबाय तिच्या कानाशी झुकली.

"ही मगाचीच डॉक्टरीण मा? हिचा हय काय काम?"

"न्हय आये. ही दुसरी बाई."

"दिसूक दुसरी आसतली. आवाज एकच. तोच नाकातलो." चोरी पकडल्याच्या समाधानाने ती हसली. "ह्या लोकांका काय वाटता, माणसां भैरी आसत? तू कधी येतलंस?"

"येतलंय. जरा थांब."

तेव्हा पडद्यावर तिचाच चेहरा भिंतीएवढा झाला होता.

मध्यंतरात तिने सोडा आणला. गाडी चुकेल, आपण निघूया, असं म्हणून पाहिलं. "बारा वाक्यां ऐकल्याबिगर?" एवढंच गंगाबाय म्हणाली आणि सोडा संपवून बाटली परत दिली. आता सांगावं असं शेवंतीच्या तोंडापर्यंत आलं. पण सांगणार काय? की इतकी वर्षं तू जे घडवलंस ते त्यांनी टाकून दिलं आणि मधुकरने दोन तासांत रंगवलेलं ठेवून घेतलं? तिला आईची, स्वतःची आणि त्या न दिसणाऱ्या बाईचीसुद्धा भयंकर चीड आली. घंटा झाली, आणि तिला नुसतं बसून राहण्यापलीकडे काही करता आलं नाही.

दुसरा प्रसंग मोठा होता. सोनेरी केसांची बाई नायकाला कागद कुठे लपवलेत ते विचारत होती. एका दमात सहा वाक्यं. ही वाक्यं शेवंतीने शाळेच्या वाटेवर, विहिरीवर, चुलीपुढे इतक्यांदा घोकली होती की आता तिचे ओठ आपसूक हलू लागले. आवाज मात्र तिने काढला नाही.

"अजून कधी गो?" म्हणत गंगाबायने तिला हलवायला हात पुढे केला. खांदा चुकला आणि बोटं कंठावर पडली.

ती तिथेच थांबली. भोंग्यातली बाई बोलली की बोटांखालचा कंठ हलत होता. बाई थांबली की थांबत होता. एक वाक्य. दुसरं. तिसरं. शेवंतीला कळेपर्यंत चौथंही होऊन गेलं. तिने तोंड घट्ट मिटलं, पण आता मिटून काय उपयोग होता?

गंगाबायने हात सावकाश काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. त्यानंतर ‘तू कधी येतलंस’ असं तिने पुन्हा विचारलं नाही.

शेवटचा प्रसंग केरीच्या खडकांवरचा, शूटिंगमध्ये मात्र सुरुवातीलाच उरकलेला. सोनेरी केस उडवत बाई पळते, मागून गोळी लागते, ती कोसळते. त्या दिवशी शेवंतीची चप्पल निसटली होती आणि पाय कालवांच्या धारदार शिंपल्यांवर पडून टाचेपासून मधल्या खळग्यापर्यंत फाटला होता. मधुकरने रंगाचं सामान टाकून आपला रुमाल बांधला होता. दिग्दर्शक मात्र खूश झाला होता. घरी तिने सांगितलं नव्हतं, पाऊल मुरगळलंय एवढंच म्हणाली होती.

पडद्यावर गोळी सुटली. आणि भोंग्यातून, अगदी गंगाबायच्या कानाजवळ, आवाज आला.

"आये गेऽऽ!"

परदेशी हेर बाई खास पेडण्याच्या बोलीत किंचाळली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुंबईत त्यांना वाटलं असेल, किंकाळीच तर आहे, शेवंतीचीच राहू दे.

गंगाबाय ताडकन उभी राहिली.

"शेवंते!"

"बसा हो आजी, पडदो दिसना!" मागून कुणीतरी ओरडलं. शेवंतीने तिला खाली ओढलं. पडद्यावर बाई नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून मरत होती आणि बारावं वाक्य बोलत होती, जाड, लाडिक आणि नाकातून. गंगाबायने ते ऐकलंसुद्धा नाही.

बस स्टँडवर गुरुदास भेटला. सुर्ल्याहून परतताना तो म्हापशाला उतरला होता. अंगावर अजून तांबडी धूळ होती.

"काय गे मावशे, ऐकलंस चेडवाचो आवाज?"

"ऐकलंय."

"कसो वाटलो?"

"आमच्या घरचो," ती म्हणाली.

"मगे! रविवारी तीस माणसां येतत. ट्रक धुवन तयार आसा." तो खूश होऊन पुढच्या दाराने बसमध्ये चढला.

ट्रक थांबवायला काय सांगावं ते शेवंतीला सुचेना. गंगाबायनेही काही सांगितलं नाही. रविवारी तीस माणसं त्या नाकातल्या आवाजाला टाळ्या देतील, सोमवारी देवळात आरतीला भेटून दोघींचं कौतुक करतील, आणि दोघींना ते घ्यावं लागेल.

बसमध्ये आईला तिने खिडकीकडे बसवलं. गाडी सुटली. बाजार मागे पडला, तशी गंगाबाय खाली वाकली आणि हाताने काहीतरी शोधू लागली.

"काय व्हया?"

"खयचो पाय?"

शेवंतीने दोन्ही पाय मागे घेतले. मग म्हणाली, "डावो."

गंगाबायने तिची चप्पल काढली आणि पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. समोरच्या बायका बघत होत्या. बोटं टाचेवरून फिरली आणि त्या उंचवट्यावर येऊन थबकली.

"माका सांगूक नाय तू."

"सांगलं आसता तर दुसऱ्या दिसा जावक दिलं नसतंस. आठ वाक्यां उरली होती."

"केवढा लागला गो तुका," गंगाबाय म्हणाली.

कंडक्टर आला, पाय खाली घ्या म्हणाला आणि तिकिटं फाडून पुढे गेला. उजव्या हाताची ती दोन बोटं गंगाबायने व्रणावर ठेवली होती, शेवंती गायची तेव्हा ठेवायची तशीच. धारगळ येईपर्यंत तिने ती काढली नाहीत.